आधी घरचे

४ जानेवारी

प्रिय वन्सं,

चमकू नकोस. इतकी वर्षं तुला एकेरी नावाने हाक मारून झाल्यावर आज मान द्यायचं कारण असं, की तू आता माझी गुरू झाली आहेस. मला बॅकअप घेता येईपर्यंत हा मान चालेल. नंतर पुन्हा पूर्वीसारखं भांडू.

तू भाऊजींच्या बदलीच्या गावी निघून गेलीस आणि सोमवारी मालकीणबाईंनी मला पुढच्या टेबलावरून उठवून मागच्या खोलीत बसवलं. म्हणाल्या, "नणंदेची खुर्ची रिकामी आहे, बसा." जसं काही कॉम्प्युटर सांभाळणं हे आपल्या घराण्यात चालतच आलंय! मी आजवर फोन घेत होते, आलेल्या लहान मुलांचे बूट काढून त्यांना बाकावर बसवत होते. वेड्यावाकड्या पायांना नीट बसणारे बूट करणारा हा आपला कारखाना मला समोरून तोंडपाठ आहे, मागून अजिबात नाही.

तुझी खोली तू सोडलीस तशीच आहे. कोपऱ्यात सर्व्हर घुमतोय. मापाच्या खोलीतले, कापणीतले, सगळे आपापल्या कॉम्प्युटरवरून त्याच्यावरची फोल्डरं उघडतात. त्या फोल्डरांची रोज टेपवर नक्कल करायची, एवढं मला कळलंय. टेपचं यंत्र टेबलावर आ वासून बसलंय. पण पडद्यावर ना चित्र, ना बटण. नुसता काळा पडदा आणि त्यात लुकलुकणारी एक रेघ. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघते. आज दुपारभर हेच चाललं होतं.

फोन केला असता, पण भिंतीवर तुझ्याच अक्षरात नियम लावलेला आहे: कमांड फोनवर सांगायची नाही, फोनवर घ्यायची नाही. तेव्हा बाईसाहेब, लिहून पाठवा.

तुझा दादा ठीक आहे. मी "ऑफिसात कमांड देते" असं सांगितल्यापासून तो घरात उगाच दबकून वागतोय.

तुझी,
वहिनी

*

११ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून इतकी हसले, की शेजारीण विचारायला आली. नव्या घरात ओळख व्हायला हे बरं झालं.

तो नियम मी लावला, कारण कुठे जागा सोडायची आणि कुठे नाही हे कानाला कळत नाही. कागदावर डोळ्यांना दिसतं. सोबतच्या कागदावर चार ओळी लिहिल्या आहेत. मोठ्या अक्षरात, चौकटीच्या कागदावर, एका चौकटीत एकच अक्षर. रिकामी चौकट म्हणजे जागा. आता त्या ओळी करतात काय, ते ऐक.

पहिली ओळ सर्व्हरवरची फोल्डरं टेपच्या कॉम्प्युटरला जोडते. दुसरी टेप अगदी सुरुवातीला आणते. तिसरी फोल्डरं टेपवर उतरवते. चौथी टेप पुन्हा वाचून त्यावर काय काय आहे ते पडद्यावर दाखवते. फोल्डरं तीन: मापं, कापणी, पत्ते. त्या क्रमानेच. प्रत्येक ओळीनंतर थांबायचं आणि पडदा काय म्हणतो ते वाचायचं. तुझी बोलण्याची पद्धत मला माहीत आहे. तू समोरच्याचं वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करतेस. इथे तसं चालणार नाही.

आता खरी बातमी. लेकीचं लग्न ठरलं! एप्रिलच्या मध्यावर. मुलगा गोड आहे, जरा कमी बोलतो, पण आपल्या घरात कुणीतरी ऐकणाराही हवाच की. आणि लेकीची अट अशी, की लग्नात आईने तिच्याबरोबर नाचायचं. बसून टाळ्या वाजवायच्या नाहीत, नाचायचं.

माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड, हे काही तुला नवं नाही. तरुणपणी आपल्या कारखान्यात मी आधी गिऱ्हाईक म्हणून आले आणि मग नोकरीला चिकटले. मास्तरांच्या हातचे बूट पायात नसले की मला घरात पाणी आणायलासुद्धा भिंत धरावी लागते. आत्ताचा जोड बाजूने फाटायला लागलाय. मास्तरांना सांग, माझ्या मापावर नवा जोड हवा, आणि या वेळी नुसता चालण्याचा नको, नाचण्याचा हवा. खर्चाचं मी बघते. मला तो नाच करायचाच आहे, वहिनी. लहानपणापासून मी सगळ्यांच्या लग्नात चपला सांभाळत बसलेय.

तुझी,
वन्सं (मला आवडलं हे. चालू ठेव.)

*

१९ जानेवारी

प्रिय वन्सं,

अभिनंदन, अभिनंदन! भाचीला माझ्याकडून एक मोठी मिठी आणि जावयाला एक छोटी, तो घाबरायला नको. तुझ्या दादाने बातमी ऐकली आणि लगेच आरशासमोर उभा राहून पोट आत घेऊन पाहिलं. एप्रिलपर्यंत जमेल म्हणतो.

मास्तरांना बुटाचं सांगितलं. ते म्हणाले, "नाचण्याचा? मग टाच वेगळी लागेल," आणि लगेच कागदावर काहीतरी खरडायला लागले. पण हाती घेतील मार्चमध्ये. गिऱ्हाइकांची कामं आधी, म्हणाले.

आता माझी बातमी. बॅकअप झाला! तुझ्या ओळी मारल्या आणि दोन मिनिटांत काम फत्ते. पहिली ओळ जरा कुरकुरली, लाल अक्षरात काहीतरी म्हणाली, पण पुढच्या दोन्ही शहाण्या मुलींसारख्या गेल्या. टेप फिरली, दिवा लागला, दिवा विझला. चौथी ओळ मारलीच नाही, कारण तेवढ्यात चहा आला. खरं सांग, इतकी वर्षं तू रोज तासभर त्या खोलीत दार लावून काय करत होतीस? झोपत होतीस ना?

अजून एक. सर्व्हरवर "घरचे" नावाचं चौथं फोल्डर आहे. ते तुझ्या कागदावर नाही. विसरलीस का?

तुझी हुशार,
वहिनी

*

२५ जानेवारी

वहिनी,

परवा फोनवर मी एवढ्या जोरात ओरडायला नको होतं. पण पत्रातलं "दोन मिनिटांत" वाचलं आणि हातातलं काम टाकून फोन लावला. तू लगेच जाऊन पाहिलंस ते बरं केलंस. टेपवर काहीच नव्हतं, हे तुझं तुलाच दिसलं. तुझा आवाज एकदम बारीक झाला तेव्हा मात्र मला वाईट वाटलं.

झालं असं, की पासवर्ड चुकला म्हणून पहिली ओळ रुसली. फोल्डरं जोडलीच गेली नाहीत. तिसऱ्या ओळीला जिथून घे म्हणून सांगितलं होतं तिथे रिकामी जागा होती, तिने ती रिकामी जागा इमानेइतबारे टेपवर उतरवली. तिचा काय दोष? रिकाम्या डब्याला झाकण लावून डबा भरला म्हणण्यातला प्रकार. म्हणून चौथी ओळ. चहा गार झाला तरी चालेल, चौथी ओळ चुकवायची नाही.

"घरचे" मी विसरलेले नाही. त्यात आपल्या कारखान्यातल्याच माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची मापं आहेत, आणि त्यावर सगळ्यांनी सहलीचे फोटो, मास्तरांच्या वाढदिवसाचा व्हिडिओ, असं वाट्टेल ते टाकून ठेवलंय. एका टेपवर ते मावत नाही. गिऱ्हाइकांचं सगळं नीट उतरलं की झालं. आपलं काय, आपण घरचे, होईल कधीतरी. माझ्या कागदात काही घालू नकोस आणि काही काढू नकोस. ती घडी मी मोठ्या मुश्किलीने बसवली आहे.

आणि हो, मी झोपत नव्हते. कधीकधी डोळे मिटत होते.

वन्सं

*

७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

जमलं. या वेळी खरंच जमलं.

पासवर्ड मारताना श्वास रोखून धरला होता. पहिली ओळ काहीही न बोलता गेली. तूच फोनवर म्हणाली होतीस ना, की पडदा गप्प बसला म्हणजे खूश आहे? माझ्या माहेरी नेमकं उलटं असायचं. मग टेप फिरू लागली आणि फिरतच राहिली, तासभर. आणि मग मी चौथी ओळ मारली.

वन्सं, तू मला हे आधी का नाही सांगितलंस? खालून वर नावं सरकायला लागली. ज्या पोरांचे बूट मी पुढच्या बाकावर बसून काढले, त्या सगळ्यांची. तो सतत शिट्टी वाजवणारा पोरगा. त्या दोघी जुळ्या बहिणी, एकीचा पाय सरळ आणि एकीचा वाकडा, आणि तरी दोघींना एकसारखेच बूट हवे म्हणून हटून बसल्या होत्या. एकेक नाव वर जाताना मला तोंडं दिसत होती. मी खुर्चीत बसून एकटीच हसत होते. मालकीणबाई डोकावल्या आणि दार ओढून गेल्या. आता कळलं तू दार का लावायचीस.

तुझा कागद काचेखाली ठेवलाय. त्यावरच्या ओळी जशाच्या तशा मारते, एका चौकटीचाही फरक नाही. फळीवर एक जुनी टेप दिसली, वर तुझ्या अक्षरात "थकली, हिला विश्रांती द्यावी". ही अजून चालते का गं? सहज विचारतेय.

तुझ्या दादाचं पोट अजून बाहेरच आहे.

तुझी,
वहिनी

*

९ मार्च

प्रिय धाकटे,

मी पत्र लिहितोय म्हणजे तुला कळलंच असेल की काहीतरी गडबड आहे.

गेल्या आठवड्यात कारखान्यातला सर्व्हर बसला. आतून किटकिट असा आवाज आला आणि सगळं गेलं. तुझ्या वहिनीने टेपवरून सगळ्या गिऱ्हाइकांची मापं नव्या सर्व्हरवर परत आणली. मालकीणबाईंनी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी तर दोनदा. कुणालाही आनंद होईल. पण ही घरी येते ती गप्प. जेवताना भलतीकडेच बघते. काल एक जाड पुस्तक घेऊन आली आणि ते वाचताना बोटं हवेत गोल गोल फिरवत होती. विचारलं तर म्हणते, "ताण सारखा व्हायला हवा." मी म्हटलं, कुणाचा ताण? माझा? तर म्हणाली, "तू जेव."

मी लग्नाबद्दल आणि तुझ्या बुटाबद्दल विचारलं तेव्हा उठून आत गेली. तुमचं दोघींचं काही वाजलंय का? असेल तर मिटवून टाका. मध्ये मी भरडला जातोय.

तुझा,
दादा

*

१५ मार्च

माझ्या लाडक्या वहिनी,

दादाने सगळं कळवलं. तू का गप्प आहेस तेही मला कळलं. तू कळवायला धजत नसशील म्हणून मीच लिहिते.

माझं माप "घरचे"मध्ये होतं आणि "घरचे" टेपवर नव्हतं. म्हणजे ते गेलं. यात तुझा काडीचाही दोष नाही. तू विचारलं होतंस, मीच नको म्हटलं होतं, वर अक्कलही शिकवली होती. एवढ्या पोरांची मापं तू परत आणलीस, त्या शिट्टीवाल्याचीही. मला तुझा इतका अभिमान वाटला, की शेजारणीला बोलावून सांगितलं. तिला टेप म्हणजे शिवणकामाची टेप वाटली, पण टाळ्या तिनेही वाजवल्या.

माप नव्याने घ्यायचं तर मला तिथे यायला हवं. दोन दिवसांचा प्रवास, मास्तरांच्या तीन बैठका, मग साचा, मग बूट. लग्नाला तेवढा वेळ नाही, आणि या फाटक्या जोडात मला जिना उतरता येत नाही. डावा बूट परवा पुरता उसवला. सध्या दोरीने बांधून खोलीतल्या खोलीत फिरते.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. सांगेन. खुर्ची छानपैकी पुढच्या रांगेत ठेवू. मी बसून हात नाचवीन. हाताचं माप लागत नाही. खरं सांगू का, वाईट वाटलं. काल भांडी घासताना थोडी रडले, मग घासून टाकली भांडी. आता बरी आहे. तू मात्र जेवत जा, आणि माझ्या दादाशी बोल. तो बिचारा समजतोय की त्याचा ताण मोजला जातोय.

तुझीच,
वन्सं

*

३ एप्रिल

वन्सं,

आज मी रागावले आहे, तेव्हा आज तुम्ही म्हणणार. तुम्ही काय समजता हो स्वतःला? "गेलं", "खुर्ची पुढच्या रांगेत ठेवू", "हात नाचवीन"! माझं पत्र यायच्या आत रडूनही घेतलंत? वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करते ती मी ना?

आधी सोबतचं खोकं उघडा. उघडलंत? पायात घाला. घातलेत? आता बसून पुढचं वाचा. किंवा उभ्यानेच वाचा.

तुमच्या कागदात मी काही घातलं नाही आणि काढलं नाही. वेगळा कागद केला. जानेवारीत तुम्ही लिहिलंत, "आपलं काय, आपण घरचे, होईल कधीतरी," तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. इतकी वर्षं बघतेय मी. जेवायला बसलं की तुम्ही सगळ्यांना वाढणार, आग्रह करणार, आणि स्वतः बसणार तेव्हा पातेल्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. आता कॉम्प्युटरवरही तेच? मी म्हटलं, इथे वाढणारी मी आहे. इथे आधी घरचे बसतील.

म्हणून ती थकलेली टेप फळीवरून उतरवली. रोज तुमच्या टेपच्या आधी तिच्यावर "घरचे" उतरवू लागले. सगळं मावेना, म्हणून मास्तरांच्या वाढदिवसाचा व्हिडिओ वगळला. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

मग सर्व्हर बसला. तुमची टेप सरळ वाचली गेली. माझी म्हातारी मात्र मध्यावर येऊन अडून बसली. तुमच्या नावाच्या अलीकडेच! काय जीव खाल्ला तिने माझा. सफाईची टेप घालून यंत्र पुसलं, पुन्हा अडली. यंत्राबरोबर आलेलं जाड पुस्तक घरी नेऊन वाचलं. त्यात लिहिलं होतं की जुन्या टेपचा ताण कमी-जास्त होतो, तिला एकदा टोकापर्यंत नेऊन परत आणावी. त्याची एक वेगळी ओळ आहे. तुमच्या कागदात ती नाही, मी बघितलं. रोज एकदा ती मारायची, टेप टोकापर्यंत जायची, परत यायची, आणि रोज आधीपेक्षा थोडं पुढे वाचायची. तुम्हाला आशा लावून परत काढून घेण्याची माझी हिंमत नव्हती, म्हणून गप्प होते. तुमच्या दादाला वाटलं भांडण झालंय. असू दे, त्या दिवसांत त्याने न सांगता कपडे वाळत घातले.

आणि एका दुपारी चौथी ओळ तुमचं नाव घेऊन वर सरकली. मी एवढ्या जोरात किंचाळले, की कापणीतली माणसं कात्र्या घेऊनच धावत आली. मास्तरांनी पडद्यावर तुमचा पाय पाहिला आणि म्हणाले, "हा तर माझा पाय!" मग त्यांनी त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली. मालकीणबाई स्वतः लेस ओवायला बसल्या होत्या. उजव्या बुटाची लेस वाकडी ओवलेली दिसेल, ती त्यांचीच. सोडू नका, त्यांना वाईट वाटेल.

मास्तरांचा व्हिडिओ मात्र कायमचा गेला. त्यात ते टेबलावर चढून नाचले होते. बातमी ऐकून त्यांनी आधी तोंड पाडलं आणि मग मला हळूच म्हणाले, "उपकार झाले."

आता राग संपला. नाच गं. आम्ही येतोच आहोत.

तुझी,
वहिनी

*

२४ एप्रिल

वहिनी,

तुम्ही गाडीत बसलात तेव्हा हात हलवायच्या नादात जे बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहिते.

खोकं आलं त्या दिवशी मी तुझ्या हुकमाप्रमाणे बूट पायात घातले आणि उभ्यानेच पत्र वाचायला लागले. "आधी घरचे बसतील" इथपर्यंत आले आणि खालीच बसले. फरशीवर. शेजारणीला पुन्हा यावं लागलं. मग मी उठले आणि भिंत न धरता स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं. तिला काही कळलं नाही, पण मला कळलं.

बाकी तू पाहिलंसच. मी एक गाणं नाचून बसणार होते. लेक बसू देईना, मग जावई बसू देईना. तो न बोलणारा मुलगा काय नाचतो गं! शेवटी दादा आणि मी. त्याचं पोट बाहेर, माझा श्वास बाहेर, आणि तू कडेला उभी राहून सगळ्यांच्या चपला सांभाळतेस असं दिसलं तेव्हा मी तुला ओढून आत घेतलं. आठवतंय ना? जन्मभर मी जिथे बसत आले तिथे माझी वहिनी उभी राहिलेली मला बघवली नाही.

सोबत चौकटीचा नवा कागद पाठवतेय. काचेखालचा जुना काढून टाक. यात ओळी पाच आहेत, टेपचा ताण सारखा करायची तुझी ओळ मी वर घातली आहे. फोल्डरं चार आहेत, आणि पहिलं "घरचे". मालकीणबाईंना मोठी टेप मागवायला मी फोन केलाय. कमांड नव्हे, नुसतं मागणं होतं, त्यामुळे नियम मोडलेला नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या वहिनींनी कालच मागवून घेतली."

आणि बूट परत पाठवतेय. घाबरू नकोस, फाटलेले नाहीत. उजव्याचा तळ नाचून नाचून झिजलाय. मास्तरांना म्हणावं, जरा जाड लावा आणि लवकर पाठवा, तोवर दोरीने बांधलेला जुना जोड चालवते. जावयाच्या घरच्यांनी पुढच्या महिन्यात जेवायला बोलावलंय आणि म्हणाले, गाण्यांची सोयही केली आहे.

तुझी,
वन्सं